एव्हीआर आहे, एमसीबी आहे, मग प्रोटेक्टर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सोसायटीच्या जनरेटरवर असताना घरात व्होल्टेज चढण्याच्या धोक्याबद्दल मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: जनरेटरला एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असतो, घरात एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच) असतात, फ्रीजला स्टॅबिलायझर असतो, मग प्रत्येक फ्लॅटमध्ये व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की सप्लाय तोडणारं उपकरण) बसवा असं सांगणं म्हणजे लोकांना घाबरवून खर्चात पाडणं. शिवाय अशा वेळी सर्ज प्रोटेक्टर उपयोगी पडतो असं मी चूक लिहिलं.

सर्ज प्रोटेक्टरबद्दल तुमचं बरोबर आहे. तो वीज कोसळल्यावर येणारा क्षणार्धाचा झटका झेलतो. मिनिटभर टिकलेलं ३०० व्होल्ट त्याला सोसत नाही, तो स्वतःच जळतो. लेखात दुरुस्ती करतो आहे.

बाकी मुद्दा मात्र मला पटत नाही. एव्हीआर सांभाळतो ते जनरेटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज. तिथून तुमच्या घरातल्या डीबीपर्यंत (एमसीबींच्या पेटीपर्यंत) चेंजओव्हर (महावितरण आणि जनरेटर यांत सप्लाय बदलणारा स्विच) आहे, पॅनल आहे, मीटर रूम आहे, केबलचे कितीतरी लग (टोकाचे जोड) आहेत. या वाटेत न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सुटला तर एव्हीआरला त्याचा पत्ताही लागत नाही.

सोसायटीचा डीजी (डिझेल जनरेटर) सहसा थ्री फेज असतो, म्हणजे त्यातून वीज तीन वेगळ्या वायरींनी येते, आणि घरं तीन फेजवर वाटलेली असतात. न्यूट्रल जागेवर आहे तोवर प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतात. तो तुटला की दोन फेजवरची दोन घरं एकापाठोपाठ जोडल्यासारखी होतात आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटले जातात. वाटणी समान नसते. ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. एका घरात १००० वॉटची इस्त्री आणि दुसऱ्यात फक्त १०० वॉटचा बल्ब चालू आहे असं धरा. तिसरा फेज बाजूला ठेवून हिशेब केला तर बल्बवर ३६० च्या वर व्होल्ट येतात. त्या वेळी वाहणारा करंट किती? पाऊण अँपियरसुद्धा नाही. तुमचा ६ अँपियरचा एमसीबी कशासाठी पडेल? त्याला व्होल्टेज कळतच नाही, करंट कळतो. शॉकपासून वाचवणाऱ्या आरसीसीबी स्विचला करंटची गळती कळते. यातलं काहीच घडत नसताना टीव्ही जळत असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. एका गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली आणि डीजी सुरू झाला. थोड्या वेळाने आमच्या ट्यूब झगझगीत झाल्या, समोरच्यांच्या मिणमिणत्या. काय होतंय हे कळेपर्यंत फ्रीजमागून जळका वास आला. नंतर चेंजओव्हर उघडला तेव्हा न्यूट्रलचा काँटॅक्ट काळा पडलेला निघाला. त्या दिवशी आमच्या इमारतीत तीन घरांची उपकरणं गेली, आणि डीजीचा व्होल्टमीटर शांतपणे २३० दाखवत होता. मेन स्विच लगेच पाडायला हवा होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणूनच तो लेख लिहिला.

आणि हल्ली न्यूट्रलवरचा ताण वाढला आहे. एलईडी, टीव्ही, कॉम्प्युटर यांच्या पॉवर सप्लायमुळे जे तिसरे हार्मोनिक (मूळ विजेच्या तिप्पट वेगाने बदलणारे करंट) तयार होतात, ते तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. वायर गरम होते, लग ढिला पडतो. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, महावितरण आणि डीजी दोन्हीकडचा सप्लाय बंद करून वायरमनकडून चेंजओव्हर उघडून घ्या आणि न्यूट्रलचे नट आधी तपासायला सांगा.

स्टॅबिलायझरचं म्हणाल तर त्याला हाय कट (व्होल्टेज फार चढलं की सप्लाय तोडण्याची सोय) असेल तर तो फ्रीज वाचवेल. पण राउटर, टीव्ही आणि घरभरचे एलईडी दिवे? प्रोटेक्टर घराच्या डीबीत मेन स्विचनंतर बसतो, म्हणून महावितरणच्या आणि डीजीच्या दोन्ही सप्लायला तोच पुरतो. वरची मर्यादा २७० च्या आसपास ठेवा. सप्लाय परतल्यावर तीन मिनिटं थांबणारा घ्या, म्हणजे कॉम्प्रेसरही वाचतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा आहे ना, एवढं दुकानदाराला विचारा.

प्रतिक्रियेत तुम्ही सांगितलेला तुमच्या धायरीच्या दुकानातला जनरेटर मात्र सिंगल फेज आहे. तिथे वरचा धोका लागू होत नाही, हे मला मान्य आहे. तिथे व्होल्टेज चढतं ते मुख्यतः एव्हीआर बिघडला किंवा मोठा भार अचानक सुटला तर.

पण दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने जनरेटर सॉकेटला जोडतो, असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंत. मेन पाडायला एकदा विसरलात तर तेच २३० व्होल्ट डीपीत (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) उलटे शिरून पलीकडे हजारो व्होल्ट होतात, आणि लाइन बंद आहे असं समजून कोणीतरी खांबावर चढलेलं असतं. शिवाय दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या असताना कोणाचा हात लागला तर? ती वायर आजच कापा. डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा) चेंजओव्हर बसेपर्यंत जनरेटर दुकानाबाहेर मोकळ्यावर ठेवा, त्याच्याच सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड लावा आणि फ्रीज व दोन दिवे त्यावर चालवा.