खाडाखोड झालेलं कार्ड का नाकारतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. ती रागाने लिहिली आहे, पण मुद्दे नीट मांडले आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसणार नाही. हौशी रेडिओत (हॅम रेडिओत) जगातल्या शंभर देश-प्रदेशांशी, म्हणजे 'घटकां'शी, संपर्क केल्याबद्दल अमेरिकेतली एआरआरएल ही संघटना डीएक्ससीसी पुरस्कार देते. त्यासाठी क्यूएसएल कार्डं, म्हणजे पलीकडच्या स्टेशनने संपर्काची पुष्टी म्हणून पाठवलेली कार्डं, कशी तपासून घ्यायची यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की पॅसिफिकमधल्या एका बेटाचं तुमचं कार्ड चेकरने, म्हणजे पुरस्कारासाठी कार्डं तपासणाऱ्याने, बाजूला काढलं, कारण तारखेवर खाडाखोड होती. ती दुरुस्ती पाठवणाऱ्यानेच केली होती, तुमच्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) संपर्क स्वच्छ नोंदलेला आहे, तरीही. "मी खोटारडा आहे असंच हे म्हणणं झालं," असं तुमचं वाक्य आहे. पुढे तुम्ही विचारता की ईमेलने आलेलं कार्डाचं चित्र का चालत नाही, आणि हौसेच्या गोष्टीत ही कारकुनी हवीच कशाला.

आधी त्या कार्डाबद्दल. तुमच्यावर कोणी खोटेपणाचा आळ घेतलेला नाही. चेकरच्या समोर कार्ड येतं तेव्हा त्याला तुम्ही दिसत नाही आणि पाठवणाराही दिसत नाही. समजा, तारखेच्या रकान्यात आधी १ होता, त्यावर दाबून ७ केलाय, सातची आडवी रेघ जरा जास्तच गडद आहे आणि शाई बाकीच्या मजकुरापेक्षा निळसर आहे. हा ७ पाठवणाऱ्याने त्याच बैठकीत केला की कार्ड पोचल्यावर कोणी केला, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. फेरफार केलेलं कार्ड सादर करणाऱ्याला अपात्र ठरवता येईल इतका डीएक्ससीसीचा नियम कडक आहे. म्हणून चांगला चेकर असं कार्ड शांतपणे बाजूला काढतो आणि बाकीची मोजतो. त्यात तुमचं नुकसान एका कार्डाचं झालं. अर्जात ते तसंच पुढे गेलं असतं तर प्रश्न संपूर्ण अर्जावर आला असता.

"एका दिवसाने असा काय फरक पडतो?" असंही तुम्ही विचारलंय. तुमच्या बेटाच्या बाबतीत काहीच पडत नाही, हे मान्य. पण डीएक्ससीसीची यादी तारखांवर उभी आहे. १० ऑक्टोबर २०१० ला कॅरिबियनमधलं नेदरलँड्स अँटिलिस विसर्जित झालं आणि त्या दिवसापासून क्युरासाव, बोनेर वगैरे वेगळे घटक म्हणून मोजले जाऊ लागले. क्युरासावच्या एखाद्या स्टेशनशी ९ तारखेला झालेला संपर्क जुन्या, आता यादीतून वगळलेल्या घटकाच्या खात्यात जातो आणि १० तारखेचा नव्या घटकाच्या. पूर्व जर्मनीचं तसंच: १७ सप्टेंबर १९७३ ते २ ऑक्टोबर १९९० एवढ्याच काळातले संपर्क त्या नावावर धरतात. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, पण डीएक्ससीसीसाठी तो मोजला जातो १४ जुलैपासून. आणि मुळात १५ नोव्हेंबर १९४५ च्या आधीचा कुठलाच संपर्क आज धरत नाहीत, कारण महायुद्धानंतर सगळ्यांची पाटी कोरी करून हा पुरस्कार नव्याने सुरू झाला. अशा यादीत तारखेच्या आकड्यावरची खाडाखोड एका कार्डाला माफ आणि दुसऱ्याला नाही, असं करायचं म्हटलं तर प्रत्येक चेकरला न्यायाधीश व्हावं लागेल. ही माणसं स्वतःचा वेळ देऊन हे काम करतात. तो भार त्यांच्यावर टाकणं मला योग्य वाटत नाही.

यात यूटीसीची, म्हणजे कार्डावर लिहायच्या जागतिक प्रमाणवेळेची, भर पडते. आपल्या घड्याळात तारीख बदललेली असते आणि यूटीसीत आदलाच दिवस चालू असतो, किंवा उलट. कार्डावरच्या कितीतरी दुरुस्त्या याच गोंधळातून होतात. आधी स्थानिक तारीख पडते, मग लक्षात येतं, मग त्यावरच गिरवलं जातं. हेतू शुद्धच असतो. पण चेकरला हेतू दिसत नाही, गिरवलेला आकडा तेवढा दिसतो.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे येतो: माझा लॉग प्रामाणिक आहे, मग दुसऱ्याचा कागद कशाला? इथे मी तुमच्याशी पूर्णपणे असहमत आहे आणि ते ठामपणे सांगतो. प्रामाणिक लॉगसुद्धा चुकीचा असू शकतो. एखाद्या दुर्मिळ स्टेशनवर शेकडो जण एकाच वेळी हाका मारत असतात. तिकडून आलेल्या कॉल साइनमधली (स्टेशनच्या ओळखनावातली) शेवटची दोन अक्षरं तुमची वाटतात, तुम्ही सिग्नलचा रिपोर्ट देता, पलीकडून "थँक्यू" ऐकू येतं आणि तुम्ही लॉगमध्ये लिहिता. प्रत्यक्षात तो तुमच्याच सारख्या कॉल साइनच्या दुसऱ्या कोणाशी बोलत होता. किंवा त्याने तुमचा एक अंक चुकीचा घेतला. किंवा त्या दुर्मिळ कॉल साइनवर बसलेला माणूसच बनावट होता आणि खरं स्टेशन त्या वेळी बंद होतं. या तिन्ही प्रसंगांत तुम्ही खोटं बोललेला नाहीत आणि तरीही संपर्क झालेला नाही. संपर्क दोन्ही बाजूंनी झाला हे फक्त पलीकडचा लॉग सांगू शकतो. कार्ड म्हणजे त्या लॉगमधला उतारा. तो उतारा शंकेपलीकडचा असावा एवढीच मागणी आहे.

एफटी८ आल्यापासून हे टळलं, असं बरेच जण मानतात. २०१७ मध्ये आलेल्या या मोडने, म्हणजे संगणकाकरवी छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीने, पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्यांत संपर्क फार सोपे केले, कॉल साइन चुकीची ऐकू येण्याची भानगडही बरीचशी संपली. पण शेवटचा संदेश तुमच्यापर्यंत पोचला नाही किंवा तुमचा तिकडे पोचला नाही, तर एकाच्या लॉगमध्ये संपर्क आहे आणि दुसऱ्याच्या नाही, हे आजही रोज घडतं.

ईमेलने आलेल्या चित्राचं उत्तर यातच आहे. छायाप्रत, फॅक्स, ईमेलचं चित्र यांतलं काहीच डीएक्ससीसीला चालत नाही. कागदावरची निळसर शाई चेकरला तिरप्या उजेडात धरून पाहता येते. चित्रात आकडा बदललेला असेल तर त्याचा मागमूसही राहत नाही. मात्र तुम्ही "इलेक्ट्रॉनिक काहीच चालत नाही" असं लिहिलंय ते बरोबर नाही. एआरआरएलची लॉगबुक ऑफ द वर्ल्ड ही ऑनलाइन सोय २००३ पासून चालू आहे आणि डीएक्ससीसीसाठी ती पूर्णपणे ग्राह्य आहे. तिथे कोणी कोणाला कार्ड पाठवत नाही. दोघे आपापला लॉग स्वतःच्या डिजिटल सहीने चढवतात. कॉल साइन, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आणि मोड जुळले आणि वेळेत तीस मिनिटांपेक्षा जास्त फरक नसला की संपर्क पक्का होतो. तुमची नोंद मला बदलता येत नाही, माझी तुम्हाला बदलता येत नाही. ईक्यूएसएल या संकेतस्थळावरच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांची गोष्ट वेगळी आहे. डीएक्ससीसीने ती कधी स्वीकारली नाहीत, पण सीक्यू या मासिकाच्या पुरस्कारांनी, अगदी जगाच्या चाळीस झोनच्या डब्ल्यूएझेड पुरस्कारानेसुद्धा, ओळख पडताळलेल्या सदस्यांची ईक्यूएसएल स्वीकारली. तेव्हा कुठल्या पुरस्कारासाठी धडपडतोय ते आधी ठरवावं आणि त्याचे नियम वाचून मगच पुष्टी मागायला लागावं.

मग कागद का सोडू नये? माझं उत्तर सरळ आहे. जुने संपर्क कागदावरच आहेत. ज्यांनी आपले लॉग कधी संगणकावर आणलेच नाहीत, जे आता हयात नाहीत, त्यांची पुष्टी त्या पुठ्ठ्यावरच आहे. शिवाय २०२४ च्या मे महिन्यात सायबर हल्ल्यानंतर लॉगबुक ऑफ द वर्ल्ड बंद पडलं ते थेट जुलैमध्ये परत सुरू झालं. त्या काळात ज्यांच्याकडे कार्डं होती ते चेकरकडे जाऊ शकत होते.

"हौसेत कारकुनी कशाला" हा प्रश्न उरतो. गप्पा मारण्यासाठी कार्ड लागत नाही आणि ज्याला पुरस्कार नको त्याच्यावर कोणाची सक्ती नाही. पण भिंतीवर शंभर घटकांचं प्रमाणपत्र लावायचं असेल तर ते लावणारे तुम्ही एकटे नाही. कमी शक्तीचा ट्रान्समीटर, अँटेना म्हणून साधी तार आणि गोंगाटाचा बँड यांच्याशी झुंजून ज्याने एकेक कार्ड जमवलं, त्याच्या शंभराला किंमत आहे ती बाकीच्यांचे शंभरही तितकेच तपासलेले आहेत म्हणून. मला या पद्धतीबद्दल आदर वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

तुमच्या कार्डाचं काय करायचं ते सांगतो. त्या स्टेशनचा क्यूएसएल मॅनेजर, म्हणजे त्याच्या वतीने कार्डं पाठवणारा, कोण आहे ते शोधा. ओक्यूआरएसची, म्हणजे ऑनलाइन कार्ड मागवण्याची, सोय असेल तर तिथूनच नवं कार्ड मागवा, तो मार्ग सर्वात सोपा. नसेल तर पत्र लिहा: तुमची कॉल साइन, यूटीसी तारीख आणि वेळ, बँड, मोड, आणि जुन्या कार्डावर तारीख दुरुस्त केल्यामुळे ते नाकारलं गेलं हे एका ओळीत. दुरुस्ती नको, कोरं कार्ड नव्याने भरून हवं, हे स्पष्ट लिहा. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट आणि टपालखर्च पाठवा. लॉग लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर चढवणार आहात का, हेही त्याच पत्रात विचारा. बरेच मॅनेजर तेवढ्या विचारण्याने चढवतात. ब्युरोमार्गे, म्हणजे कार्डं गठ्ठ्याने पाठवणाऱ्या संस्थांमार्फत, मागवू नका, त्याला फार वेळ लागतो.

आणि तुमच्याकडून जाणाऱ्या कार्डांवर आकडा चुकला तर तो गिरवू नका, कार्ड बदला. छापील लेबल चिकटवत असाल तर लेबलची कड आणि कार्ड दोन्हींवर येईल अशी सही करा, म्हणजे लेबल नंतर चिकटवलं अशी शंका कोणाला येणार नाही. जुनं कार्ड मात्र टाकू नका. पुरस्कारात ते मोजलं जाणार नाही, पण मॅनेजरने मागितलं तर दाखवायला तेच उपयोगी पडेल. नवं कार्ड आलं की पुढच्या अर्जात घाला. आधी मंजूर झालेली कार्डं तुमच्या खात्यात जमा आहेत, ती पुन्हा दाखवावी लागणार नाहीत.