फ्रॉश दरवर्षी नवीन बोलतो

घरच्या ग्रुपवर परत सौभद्रवरून पेटलंय. पुण्यात कुणीतरी दोन तासांचं सौभद्र केलं, मधे ट्रॅफिकवरचे विनोद घातले, तर काका म्हणतात किर्लोस्करांची विटंबना चाललीये, आणि वर मला टॅग करून, "तुमच्या व्हिएन्नात चालेल का असं?"

काका, चालतं! योहान श्ट्राउसचं डी फ्लेडरमाउस, म्हणजे वटवाघूळ, हे गाणी आणि संवादांचं हलकंफुलकं नाटक (ऑपेरेटा), थिएटर आन डेर वीनमध्ये ५ एप्रिल १८७४ ला पहिल्यांदा झालं, आपल्या किर्लोस्करांच्या शाकुंतलच्या सहा वर्षं आधी, आणि अजून दर ३१ डिसेंबरला व्हिएन्नात लागतं. मी उभ्याच्या जागेवर स्कार्फ बांधून बघते. तिसऱ्या अंकात फ्रॉश नावाचा तर्र जेलर येतो, त्याला गाणं एकही नाही, नुसतं बोलायचं, आणि तो दरवर्षी नवीन बोलतो, मंत्र्यांवर वगैरे, सगळं थिएटर हसतं. दुसऱ्या अंकातलं श्ट्राउसचं बॅलेसुद्धा बऱ्याचदा काढून त्याचीच एखादी पोल्का नाचाची धून घालतात. कुणी विटंबना म्हणत नाही, कारण सूर कागदावर आहेत, ते कुठे जात नाहीत. नाशमार्क्टच्या शनिवारच्या जुन्या बाजारात मला त्याचा क्रान्झने छापलेला क्लाव्हिअरआउसत्सूग, म्हणजे गाणी पियानोच्या साथीसह लिहिलेलं स्वरलिपीचं पुस्तक, मिळाला, पानं पिवळी पडलेली, आणि नायिका रोझालिंडच्या चार्दाशवर, म्हणजे हंगेरियन ढंगाच्या गाण्यावर, कुणीतरी पेन्सिलने श्वास घ्यायच्या जागा मारून ठेवल्यात. फ्रॉशचं भाषण त्यात कुठून असणार.

आपल्या पदांची चाल मात्र गळ्यातून गळ्यात आली, म्हणून काका एक शब्द हलला तरी घाबरतात, हे मला टाइप करता करताच कळलं आणि मी तो लांबलचक मेसेज पुसून टाकला.

आणि त्या चार्दाशचं सांगायचं तर, रोझालिंड मुखवटा घालून हंगेरियन काउंटेस बनून पार्टीत आलेली असते, लोकांना शंका येते, मग ती खरी हंगेरियन आहे हे पटवायला मायदेशाचं गाणं म्हणते. तिथे दरवेळी माझ्या पोटात कालवतं. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत "तुमच्याकडचं काहीतरी म्हण" म्हटल्यावर मीही सौभद्रातलंच पद म्हणते, फक्त ध्रुवपद, अंतरा मला येत नाही, अकरा वर्षांत कुणाला ते कळलेलं नाही. तिकडे ट्रॅफिकचा तो विनोदही मला चुलतभावाला विचारून कळला, तो नवा पूल मी पाहिलेलाच नाही.

रात्री काकांना पूर्ण पद व्हॉइस मेसेजवर मागितलं. त्यांनी ७८ व्या वर्षी, हार्मोनियमशिवाय, एकदा खोकून, सगळं म्हणून पाठवलं. त्या क्लाव्हिअरआउसत्सूगच्या मागच्या कोऱ्या पानावर मी ते पेन्सिलने सरगममध्ये उतरवतेय, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीतली तान अजून हाताला लागत नाहीये.