उत्साह परत येऊ नये म्हणून घ्यायची काळजी

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, मुंबईच्या अर्धमॅरेथॉनसाठी, पहाटेच्या अंधारात तुम्ही माहीमहून निघालात. एरवी जिथे पायी माणसाला पाऊल ठेवू देत नाहीत त्या सी लिंकवर सेल्फी काढलात, पेडर रोडच्या चढावर अनोळखी मावशींच्या हातच्या संत्र्याच्या फोडी खाल्ल्यात आणि २१.०९७ किलोमीटर संपवून गळ्यात पदक घालून घरी आलात. सोमवारी कठडा धरून जिना उलटा उतरलात. मंगळवारी विश्रांती घेतलीत. ती विश्रांती अजून चालू आहे. आता जुलै उजाडलाय, बूट बाल्कनीत आहेत आणि त्यातल्या एकात कबुतरानं काड्या आणून टाकायला सुरुवात केली आहे.

इथवर छान जमलंय, पण गाफील राहू नका. भल्याभल्या आरंभशूरांचा घात शेवटच्या टप्प्यावर होतो. एखाद्या पहाटे पाऊस थांबलेला असतो, खिडकीतून गार झुळूक येते आणि काही कारण नसताना मनात येतं, ‘जाऊन यावं का जरा?’ हा झटका कधीही, कुणालाही येऊ शकतो. वेळीच आवरला नाही तर माणूस पुन्हा धावायला लागतो. सलग पाच महिने मी तो यशस्वीपणे परतवला आहे, तेव्हा चार अनुभवाचे शब्द सांगण्याचा मला अधिकार पोचतो.

आधी शब्द जपून वापरा. ‘सोडलं’ असं चुकूनही म्हणू नका. एकदा सोडलं म्हटलं की विषय संपतो, आणि विषय संपला की कधीतरी नव्याने सुरू होण्याची भीती असते. ‘सध्या ब्रेक घेतलाय’ म्हणा. ब्रेक वर्षानुवर्षं घेता येतो. शिवाय मराठीनं आपली सोय आधीच करून ठेवलेली आहे. धावणाराही पळतो आणि तोंड चुकवणाराही पळतोच. म्हणजे तुमचं पळणं थांबलेलं नाही, फक्त दिशा बदलली आहे.

पुढचा मुद्दा गुडघ्याचा. नोव्हेंबरात ज्या गुडघ्याला बाशिंग बांधून तुम्ही नोंदणी केली होती, त्याच गुडघ्याला आता क्रेप बँडेज बांधा. मात्र डॉक्टरला दाखवू नका. मी दाखवण्याची चूक केली. त्यांनी पाय वाकवला, सरळ केला, वाटीवर दाबून पाहिलं.

“जिना चढताना दुखतो?”

“नाही.”

“मांडी घालून बसल्यावर?”

“नाही.”

“मग दुखतो कधी?”

“पहाटे पाचला. अलार्म वाजला की.”

त्यांनी फी घेतली नाही, यावरून मला काय समजायचं ते समजले.

आता मुख्य साधना, ती म्हणजे उत्साहाची वाट पाहणं. आधी उत्साह यायला हवा, मग बूट घालायचे, हा क्रम अजिबात मोडू देऊ नका. उत्साह हा जावयासारखा आहे असं समजा. त्यानं स्वतःहून यायचं असतं, आपण जाऊन ओढून आणायचं नसतं. काही अनुभवी लोक सांगतात की असं काही नसतं, कंटाळत का होईना बूट घालून जिना उतरलं आणि दहा मिनिटं चाललं की तो मागून धापा टाकत येऊन गाठतो. ही माहिती खरी आहे. म्हणूनच ती दूर ठेवा, आणि शक्य असेल तर बूटही माळ्यावर टाका.

मुंबईत राहता हे तुमचं भाग्य. इथे बारा महिने सबब दारात येऊन उभी असते. जून ते सप्टेंबर पाऊस. बूट एकदा भिजला की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस पंख्याखाली ठेवा, आणि दोन दिवसांनी पुन्हा पाऊस असतोच. ऑक्टोबरात ऊन. थंडीत वारा पडतो, धूळ आणि धूर खालीच कोंडून राहतो, तेव्हा फुप्फुसांची काळजी करायची. (त्याच हवेत सिग्नलपाशी उभं राहून वडापाव खाताना मात्र ती आठवू देऊ नका.) मार्च ते मे दमटपणा. हवेत आधीच इतकं पाणी की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. हे अस्सल शास्त्र आहे, बिनधास्त वापरा.

उरलेल्या फटी पंचांगानं बुजवा. श्रावणात उपास, उपासानं अशक्तपणा आणि अशक्तपणावर साबुदाण्याची खिचडी. गणपतीत मोदक. पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. नवरात्रात गरबा, तो व्यायामातच धरावा, निदान बघायला गेलो तरी. मग ‘दिवाळीनंतर बघू’. दिवाळीनंतर लग्नसराई. मागच्या वर्षीही हाच पाऊस होता, हेच मोदक होते आणि तरी मी वरळी सी-फेसवर ओलीचिंब होऊन धावत होते, हा मुद्दा माझ्या नवऱ्यानं काढला होता. वकिली त्याच्या घरात नाही, तरी त्याला असं सुचतं.

इतकं करूनही सुरुवात झालीच तर घाबरून जाऊ नका, त्यावरही उपाय आहे. जिथे सोडलं तिथूनच धरा. पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर, तेही जानेवारीच्या वेगानं. सराव थांबला की दोन-तीन आठवड्यांतच शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद उतरायला लागते. रक्तातला पाण्याचा भाग घटतो, एकेका ठोक्यात हृदय कमी रक्त ढकलतं आणि तेवढ्याच वेगासाठी त्याला जास्त ठोके मारावे लागतात. पाच महिन्यांनंतर तर विचारूच नका. अशा शरीराला जुन्या वेगानं पळवलं की तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांपुढे काजवे, चौथ्याला पोटात कळ, आणि टॅक्सीतून घरी. पुढचे दोन महिने निश्चिंत. उलट एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असली नेभळट पद्धत वापराल तर पाय दुखणार नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटेल आणि सगळं मुसळ केरात. एकदा सराव झालेलं शरीर नवशिक्यापेक्षा लवकर रुळावर येतं, त्यामुळे धोका दुप्पट.

घड्याळाचं मात्र मी मनापासून कौतुक करते. त्याच्याइतकी मदत मला कुणीच केली नाही. आधी मी धावायला जायचे तेव्हा समुद्र दिसायचा, कोळणींच्या टोपल्या दिसायच्या, भरतीची वेळ कळायची. घड्याळ आल्यावर फक्त मनगट दिसायला लागलं. मग त्यानं रोज दहा हजार पावलांचा हट्ट धरला. हा आकडा मला वेदवाक्य वाटायचा. पुढे कळलं की १९६४ चं टोकियो ऑलिम्पिक झाल्यावर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, तोंडात बसणारा, विकायला बरा. प्रयोगशाळेतून तो आलेला नव्हता. तुम्ही हे विसरून जा. नऊ हजार पावलं झाली तर दिवस फुकट गेला असंच समजा.

मी समजायचे. एका रात्री पावणेबाराला घड्याळात ९,७८० होते. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल, टीपॉयला वळसा, अशी मी गाऊनवर फेऱ्या मारत होते. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या काकूंनी गाठलं. “काय गं, रात्रीचं रोज काय सरकवता? कपाट का?” मी म्हटलं, “हो काकू, कपाट.” “मग एकदाच नीट लावून घ्या ना,” असं म्हणून त्या उतरल्या. त्या आठवड्यात मी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि घड्याळच नाही तर धावून उपयोग काय, या विचारानं धावणंही. मोजलं नाही ते झालंच नाही, हे एकदा मनात भिनलं की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं व्हॉट्सअ‍ॅपवर. धावणाऱ्यांचा ग्रुप सोडू नका. सोडलात तर शांतता मिळेल, राहिलात तर रोज सकाळी न्यूनगंड ताजा मिळेल. आठ वाजता पांघरुणातूनच उघडावा. कुणाचं पाठीमागे सी लिंक घेतलेलं हसणं, कुणाच्या मनगटाचा फोटो, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचे अठरा किलोमीटर आणि खाली बावीस जणांचे दंड फुगवलेले हात. तुलना करायचीच तर मोठ्यांशी करा. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावते आणि आपल्याला दादरचा पूल चढताना मध्येच थांबून फोन बघण्याचं नाटक करावं लागतं, असं म्हणत चादर डोक्यावरून घ्या. गेल्या आठवड्यातल्या स्वतःशी तुलना करण्याचा मोह टाळा. त्यात जिंकण्याची शक्यता फार असते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं घरात कुणाच्या हाती लागू देऊ नका. त्यात मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. भरभर चालणंही त्यात धरतात, म्हणजे दिवसाला बावीस मिनिटंसुद्धा नाहीत. त्यातून एका वेळी निदान दहा मिनिटं हवीत ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली. म्हणजे तो दादरचा पूलही हिशेबात आला. इतकी सूट दिल्यावर माणसानं सबब तरी काय सांगायची?

आता धोकादायक माणसांविषयी. कोच परवडला, ग्रुप परवडला. घरातली म्हातारी माणसं परवडत नाहीत.

आमच्या सासूबाईंचा गुडघा एप्रिलमध्ये बदलला. जूनमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणाले, आता बाहेर चालायला न्या. रोज संध्याकाळी त्यांना शिवाजी पार्कात न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी बेसावध होते. हा व्यायाम नव्हता, कर्तव्य होतं, त्यामुळे माझ्या नियमावलीत बसत होतं. उद्यान गणेशाला हात जोडून आम्ही कट्ट्याकडेनं निघायचो. पहिल्या दिवशी दोन झाडं झाली. हो, त्या अंतर झाडांत मोजतात. मग पर्समधून साडीच्या दुकानाची घडी केलेली पिशवी निघायची, ओल्या कट्ट्यावर अंथरली जायची आणि शेजारी बसलेल्या बाईचा कोणता गुडघा, कधी केला, टाके किती, याची चौकशी व्हायची. घरी आल्यावर सासरे विचारायचे, “आज किती?” “पाच झाडं आणि एक शहाळं.” दुसऱ्या आठवड्यात नऊ झाडं. एक दिवस पाऊस आला म्हणून तीनच, तर त्यांना त्याचं काहीच नाही. “उद्या आहेत की, झाडं काय पळून जातात?”

गेल्या मंगळवारी त्यांनी काठी टेकत अख्खी फेरी पूर्ण केली. सव्वा किलोमीटरच्या आसपास असेल. फेरी संपल्यावर पिशवी अंथरून बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू काय अशी माझ्या डोक्यावर उभी राहतेस? जा, एक चक्कर मारून ये. तोवर मी यांच्याशी बोलते.”

“अहो आई, पायात फ्लोटर्स आहेत माझ्या.”

“मग? माझ्या पायात स्टील आहे.”

ओढणी आणि छत्री त्यांच्या मांडीवर ठेवली आणि निघाले. चालतच निघाले होते, खरंच. मैदानात पोरं चिखलात फुटबॉल खेळत होती, भाजलेल्या कणसांचा धूर येत होता, आणि वळणापाशी कधीतरी पाय आपोआप उचलले गेले. मधे दम लागला तेव्हा चालले, मग परत धावले. मनगटावर काही नव्हतं. परत आले तेव्हा ड्रेस पाठीला चिकटलेला आणि चेहरा, सासूबाईंच्या शब्दांत, टोमॅटोसारखा.

“किती झाडं?” त्यांनी विचारलं.

“मोजली नाहीत.”

“मग कसं? जा परत. मोजून ये.”

तेव्हा सासूबाईंना शक्यतो दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा. माझं आता कठीण आहे. बुटांचाही प्रश्न सुटलेला नाही, कारण डाव्यात दोन अंडी आहेत आणि सासरे कुणाला बाल्कनीत पाऊल टाकू देत नाहीत. तूर्त फ्लोटर्सवरच भागवतेय.