सोरायसिस ‘मनाचा आजार’ नव्हे

‘लष्करी रुग्णालयातल्या संशोधनाने सिद्ध केलं, सोरायसिस मनाचा आजार, ताण गेला की तोही जातो’ असा, त्वचेवर चट्टे आणणाऱ्या या आजाराबद्दलचा मेसेज फिरतोय. तसं नाही. अशा पाहण्यांत बहुधा त्वचेच्या ओपीडीत आलेल्यांची मनःस्थिती प्रश्नावलीने एकदाच तपासतात. आधी ताण आला की सोरायसिस, हे त्यातून कळत नाही. शिवाय सैन्यात तरुण पुरुषच जास्त, त्यामुळे निष्कर्ष सरसकट लावणं अवघडच. सोरायसिस प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होतो, आनुवंशिकतेचाही वाटा असतो. ताणाने तो उसळतो, आणि चट्टे, खाज, लोकांच्या नजरा यांनी माणूस खचतो, हे मात्र खरं. गंमत म्हणजे मनोविकारावरचं लिथियम काहींचा सोरायसिस वाढवतं! म्हणून ते किंवा दुसरं कुठलंही औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.