ग्रीनवेला अख्खा दिवस द्या

रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीच्या डेव्हनवरचा (इंग्लंडमधला परगणा) तुमचा लेख आवडला, पण त्यात टॉर्की या गावावर एवढं लिहून तिचं ग्रीनवे हे घर एका ओळीत आटोपलंत, याची चुटपुट लागली. टॉर्कीत तिचा जन्म झाला (1890), हे खरं. पण तिची गोष्ट अजून जिवंत वाटते ती डार्ट नदीकाठच्या या घरात. 1938 मध्ये तिने ते सुट्टीसाठी घेतलं.

आम्ही नदीपलीकडच्या डिटिशम गावाहून गेलो. धक्क्यावर घंटा टांगलेली आहे, ती वाजवली की पलीकडून छोटी होडी न्यायला येते. मी घंटा वाजवली तेव्हा खरंच अंगावर काटा आला! घरातून उतरत नदीपाशी गेलं की बोटहाऊस लागतं. तिच्या ‘डेड मॅन्स फॉली’ कादंबरीतला पहिला मृतदेह सापडतो ते हेच. आत दमट, गार अंधार आणि खाली पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते. घरातल्या वाचनालयातलं भिंतचित्रही चुकवू नका. महायुद्धात घरात राहिलेल्या अमेरिकन तटरक्षकांपैकी एकाने ते काढलं आणि बाईंनी ते मुद्दाम जपलं.

डेव्हनच्याच किनाऱ्याजवळच्या बर्ग आयलंड या बेटावर जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ आधी बघावी. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरतीला उंच चाकांचा सी ट्रॅक्टर पाण्यातून नेतो. या बेटावरून सुचलेली तिची ‘एव्हिल अंडर द सन’ कादंबरी वाचली असेल तर भरतीलाच जा. किनाऱ्याशी जोडणारी वाट पाण्याखाली गेली की त्या बेटावरचं एकटेपण नीट कळतं.