औंधच्या यात्रेला सगळे येतात, औंधचं स्वराज्य कोणालाच आठवत नाही

आज एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते. भाचीचा मुलगा नाचात होता. प्रमुख पाहुणे भाषणाला उठले आणि पोरांना सांगू लागले की, संस्थानांतली प्रजा मुकी होती, राजा म्हणेल ती पूर्वदिशा, मत म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना १९५२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा कळलं. टाळ्या पडल्या. आणि हे कुठे, तर सातारा जिल्ह्यात! जिथून औंध तासाभराच्या वाटेवर आहे तिथे! (खटाव तालुक्यातलं औंध, इंग्रजांच्या काळातलं एक छोटं संस्थान. पुण्यातलं नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं.) डोकं इतकं तापलंय की घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, औंध संस्थानातले शेतकरी. कोरडवाहू रान, ज्वारी नि मटकी. तिशी उलटल्यावर त्यांनी रात्री चावडीत कंदिलापुढे बसून पाटीवर अक्षरं गिरवली. कशासाठी? मत द्यायचं होतं म्हणून. जानेवारी १९३९ मध्ये राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानचा कारभार रयतेच्या हाती सोपवणारी घटना लागू केली. भारताची राज्यघटना लागू व्हायला अजून अकरा वर्षं होती! ज्याला लिहिता-वाचता येईल त्यालाच मत, हा गांधीजींचा आग्रह. ही अट मला आजही पटत नाही, निरक्षर माणसाला काय अक्कल नसते? पण त्या अटीपायी आबा शिकले, हेही खरंच.

आणि ही घटना कोणा गोऱ्या साहेबाने लादलेली नव्हती. कोणी वाड्याला वेढा घातला नव्हता. सत्तरीच्या राजाने आपण होऊन सत्ता सोडली. ऑक्सफर्डहून शिकून आलेले चिरंजीव आप्पासाहेब आणि भारतात येऊन भारतानंद झालेला पोलंडचा इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, हे दोघं सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने मसुदा झाला. गावागावात पंचायत निवडायची, गावचे तंटे गावातच मिटवायचे, न्यायाधीशाने तालुक्याला बसून न राहता गावात यायचं. आबा सांगायचे, "कोर्ट आमच्या पारावर यायचं गं." हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. मी लहान होते, मला त्यात काय मोठं ते कळायचं नाही. आज एका खातेफोडीसाठी तालुक्याला हेलपाटे घालणारी माणसं पाहते तेव्हा कळतं.

आता यात्रेबद्दल. पौषात औंधला यमाईदेवीची यात्रा भरते. रथ निघतो, कुस्त्यांचं मैदान असतं, जनावरांचा बाजार भरतो. माझा जीव आहे त्या यात्रेवर. दीपमाळेपाशी उभं राहून वर बघितलं की मान दुखेपर्यंत बघतच राहायचे मी. आबा मला खांद्यावर घेऊन रथ दाखवायचे, मग मूळपीठाच्या, म्हणजे देवीच्या मूळ ठाण्याच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडायला लावायचे, आणि त्यानंतर वाड्याकडे बोट करून म्हणायचे, "तिथल्या राजानं आम्हाला विचारायला सुरुवात केली." देवी, डोंगर आणि मग राजा, हा त्यांचा क्रम ठरलेला.

तिकडे आश्विनात गाण्याचा उत्सव असतो. आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ गायक अंतुबुवा जोशींनी १९४० साली सुरू केला, पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला आणि आजही चालू आहे. एवढ्याशा गावात! गाणं जपणारी माणसं आहेत, देवीचा रथ ओढणारी माणसं आहेत, मग त्या घटनेचाच एक दिवस आपल्याला का जपता येऊ नये? तीही जानेवारीतली, बहुतेक वेळा यात्रा असते त्याच महिन्यातली. यात्रेत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स कमानीएवढे लागतात. घटनेचा एक फलक लावायला कोणाला जागा सापडू नये? संताप येतो!

औंधच्या डोंगरावर याच राजाने उभारलेल्या संग्रहालयात जातात लोक. रविवर्म्याची चित्रं बघतात, हेन्री मूरचं शिल्प बघतात, फोटो काढतात आणि राजा मोठा हौशी होता म्हणत खाली उतरतात. हौशी? शाळाशाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करणारा आणि स्वतः रोज घालणारा, स्वतः चित्रं काढणारा, कीर्तन करणारा माणूस होता तो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला, त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची उघडी वसाहत केली, भिंत नाही की गज नाहीत. पुढे व्ही. शांतारामबापूंनी त्यावर 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट सगळ्यांना माहीत, संस्थान कोणाला माहीत नाही. बेचाळीसनंतर इंग्रजांविरुद्ध समांतर कारभार चालवणाऱ्या पत्री सरकारच्या माणसांना ज्या कुंडलने आसरा दिला, ते कुंडलही औंध संस्थानातलंच.

हो, माहितीये, सगळे संस्थानिक असे नव्हते. रयतेच्या घामावर मोटारी आणि शिकारी करणारे ढिगाने होते. औंध संस्थानही केवढंसं, बहात्तर गावं, तीही औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ अशी विखुरलेली. ही व्यवस्था टिकली जेमतेम नऊ वर्षं, १९४८ ला संस्थान विलीन झालं. कबूल. पण म्हणून झालंच नाही असं पोरांना सांगायचं?

रागाच्या भरात बरंच लिहिलं. त्या पाहुण्यांवर आता तेवढा राग उरलेला नाही, त्यांना शाळेत कोणी शिकवलंच नसणार. आपल्याच पुस्तकांत औंधच्या वाट्याला किती ओळी येतात ते तुम्हीही जाणता. आबा जाऊनही आता खूप वर्षं झाली. शेवटपर्यंत प्रत्येक निवडणुकीला धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून सगळ्यात आधी रांगेत उभे राहायचे, आणि अंगठा उठवतात का विचारणाऱ्या पोराला सही करून दाखवायचे.

तर माझं ठरलंय. येत्या यात्रेला औंधला जायचं आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यायचा, की १९३९ च्या घटनेचा मजकूर, मोठ्या अक्षरांत, देवळाच्या वाटेवर कायमचा लावा. खर्चासाठी वर्गणी काढू, माझी पहिली. संस्थानातल्या ज्या गावांतली तुमची मुळं असतील, कुंडल असो की आटपाडी, तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या पंचायतीच्या गोष्टी खाली लिहा. अर्जासोबत जोडते. आणि सह्या करायला कोण कोण येतंय तेही आत्ताच कळवा, म्हणजे गाडी ठरवता येईल.