प्लायचे थर आणि ‘ठोस’ आवाज: फिरत्या संदेशाला उत्तर

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: महागडं होम थिएटर घेऊ नका. 18 मिलिमीटर प्लायच्या चौकटी कापा, फेविकॉल लावून एकावर एक रचा, वर विटा ठेवा, सकाळी स्पीकरची ‘ठोस’ पेटी तयार. भिंत जितकी जाड तितका आवाज चांगला. लाकूड बोलतं, म्हणून जमलं तर सागवानच वापरा. मागे एक भोक पाडलं की बास दुप्पट. आत कापूस ठासून भरा. स्पीकर महाराणी रोडच्या बाजारातून कोणताही आणा. पाच हजारांत लाखाचा आवाज! सोबतच्या फोटोत गोलाईदार, थरांच्या रेघा दिसणारी देखणी पेटी आहे.

पेटी देखणी आहे यात वादच नाही. थरांच्या पद्धतीचा खरा फायदाही तोच: सुताराला सरळ फळ्यांतून जो आकार काढायला घाम फुटेल, तो इथे सहज निघतो. पण आकाराचं श्रेय आवाजाला देऊन टाकलंय, तिथे गडबड आहे. एकेक मुद्दा घेऊ.

जाड भिंतीपासून सुरुवात करू. फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, हे खरं. पण वजनही दुप्पट होतं, आणि फळीचा स्वतःचा कंप नाहीसा न होता साधारण दुप्पट वारंवारितेवर सरकतो. म्हणजे कमी जाणवणाऱ्या जागेवरून उठून जिथे माणसांचं बोलणं ऐकू येतं तिथे जाऊन बसण्याचीही शक्यता. त्यापेक्षा पेटीच्या आत मधोमध एक आडवी पट्टी ठोकली, तर आधाराविना राहिलेलं अंतर निम्मं होतं आणि कंपाची वारंवारिता चौपटीपर्यंत वर जाऊ शकते, तेही मूठभर लाकडात. बीबीसीच्या संशोधन विभागानं 1970 च्या दशकात स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी एलएस 3/5ए नावाचा छोटा मॉनिटर स्पीकर बनवला. त्याच्या भिंती 12 मिलिमीटरच्या बर्च प्लायच्या, आणि कंप जिरवायला आतून जड पट्ट्या चिकटवलेल्या. जाडी वाढवणं त्यांना काही अवघड नव्हतं. त्यांनी मुद्दाम ती वाट धरली नाही.

सागवानाचं प्रकरण लवकर मिटतं. तानपुऱ्याची तबली थरथरावी म्हणूनच पातळ घडवतात. स्पीकरच्या पेटीनं मात्र गप्प बसायचं असतं. ती बोलायला लागली की प्रत्येक गाण्यात आपलाच एक सूर मिसळते. शिवाय अख्खं लाकूड मे महिन्यात सुकून आकसतं आणि श्रावणात फुगतं, त्यात सांधे उघडतात. प्लायमध्ये एकाआड एक पापुद्र्यांचे रेषे आडवे-उभे असतात, म्हणून ते जागा सोडत नाही. इथे प्लायच उजवं, संदेश काहीही म्हणो.

आता ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसलो तो. संदेशात थाटात म्हटलंय की थर चिकटवले की पेटी ‘आपोआप हवाबंद’. नेमकं उलटं होण्याची भीती या पद्धतीत जास्त आहे. साध्या पेटीत हवेला बाहेर पडायचं तर फळीच्या आरपार, सगळे पापुद्रे आणि त्यांच्यामधला डिंक भेदून जावं लागतं. थरांच्या पेटीत भिंत म्हणजे प्लायची कड. हवा पापुद्र्याच्या बाजूबाजूनं निघते. आपल्याकडच्या साध्या कमर्शियल प्लायमध्ये आतल्या पापुद्र्यांचे तुकडे नीट जोडलेले नसतात; दोन तुकड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. फळीच्या तोंडावरून ती दिसत नाही. पण चौकट कापली आणि ती फट भिंतीत आडवी आली, की आतून बाहेरपर्यंत सरळ बोगदा तयार. एका पेटीत वीसेक थर, म्हणजे असे बोगदे निघायला जागाही भरपूर. त्यातून बास निसटतो, आणि जोराच्या ठोक्याला बारीक फुसफुस ऐकू येते. लोक ती स्पीकरची खरखर समजतात आणि बिचारा स्पीकर बदलतात.

म्हणून दुकानदार वरचा गुळगुळीत पापुद्रा दाखवायला लागला की त्याला फळी उभी करायला सांगा आणि चारी कडा बघा. काळ्या भेगा, एकमेकांवर चढलेले पापुद्रे दिसले तर ती फळी पलंगाच्या तळाला ठीक. आयएस 303 हा साध्या प्लायचा शिक्का, आयएस 710 हा मरीन प्लायचा. मरीनमध्ये पोकळ्या कमी असतात, तरी शिक्क्यावर डोळे मिटून विसंबू नये. चौकटी कापल्यावर सापडलेल्या फटी भुसा कालवलेल्या इपॉक्सीनं बुजवायच्या, आणि पेटी बंद करण्याआधी आतून पाणी घातलेल्या फेविकॉलचे किंवा सीलरचे दोन हात द्यायचे. तपासणी सोपी आहे. बंद पेटी असेल तर वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा, पडदा बोटांनी हलकेच, सगळीकडून सारखा आत दाबून सोडा. संथपणे परत आला तर पेटी घट्ट, पटकन उसळला तर कुठेतरी हवा चालली आहे. मग हलका बास चालू ठेवून कडेकडेनं उदबत्ती फिरवा. धूर कुठे थरथरतो ते बघा, जागा सापडते.

आणि त्या विटा! ओल्या फेविकॉलवर प्लायचे थर साबणावर ठेवल्यासारखे घसरतात. वर वजन ठेवून निघून गेलात तर सकाळी पेटी जिन्यासारखी झालेली असेल. प्रत्येक चौकटीत एकाच जागी दोन-तीन भोकं पाडून त्यांतून आट्यांच्या सळया घालायच्या आणि नट आवळायचे. जागाही पक्की, दाबही सारखा. चौकटींचे आकार तंतोतंत जुळायला आधी एक नमुना नीट घासून घ्यावा आणि बाकीच्या राउटर या लाकूड कोरायच्या यंत्रानं त्याच्यावरून उतरवाव्यात. हातच्या जिगसॉ करवतीवर सगळा भरवसा टाकला तर उरलेलं आयुष्य पॉलिश पेपर घासण्यात जाईल.

‘मागे भोक, बास दुप्पट’ याचं गणितच मांडू. समजा पेटी बाहेरून 25 सेंटिमीटर रुंद, 35 उंच, 36 खोल आणि बाजूच्या भिंती अडीच सेंटिमीटरच्या. आत साधारण 19 लिटर हवा. मागच्या 18 मिलिमीटरच्या फळीला 5 सेंटिमीटरचं नुसतं भोक पाडलं तर पेटी 70 हर्ट्झच्या आसपास घुमते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मंद्र षड्ज 69 हर्ट्झचा. म्हणजे तुम्ही इंदूर घराण्याच्या थाटाचा विलंबित ख्याल लावलात, गायक खर्जात उतरला, की नेमका सा फुगून दारं हलवणार आणि त्याच्याखाली काहीच नाही. याला बास म्हणत नाहीत. त्याच भोकात 12 सेंटिमीटर लांबीचा पाइप बसवला तर घुमण्याची जागा 44 हर्ट्झच्या आसपास येते. लांबी, व्यास आणि आतली हवा, तिन्ही मिळून ठरतं. शिवाय त्या जागेच्या खाली वूफरच्या पडद्याला पेटीतल्या हवेचा आधार उरत नाही, तो नुसता मागेपुढे धावतो. सिनेमातल्या स्फोटांना लोकांचे वूफर बसतात त्यातले कितीतरी असेच.

यातूनच ‘स्पीकर कोणताही’ हा मुद्दाही निकालात निघतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात पेटी आणि स्पीकर यांचं हे नातं आकड्यांत मांडून ठेवलंय. एफएस (स्पीकर मोकळ्या हवेत कुठे घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं) आणि व्हीएएस (त्याच्या पडद्याचा ताण किती लिटर हवेइतका) हे तीन आकडे हातात असले की कोणत्या स्पीकरला किती लिटर आणि पाइप हवा की बंद पेटी, हे कागदावरच कळतं. ढोबळ मानानं क्यूटीएस 0.4 च्या खाली असेल तर पाइपची पेटी, 0.5 च्या वर गेला तर बंद. ज्या वूफरसोबत हे आकडे मिळत नाहीत आणि डब्यावर मात्र हजारो वॉट पीएमपीओ (जाहिरातीपुरता फुगवलेला क्षणिक आकडा) छापलेले असतात, तो घेऊ नका. क्रॉसओव्हर, म्हणजे जाड सूर वूफरला आणि बारीक सूर छोट्या ट्विटरला वाटून देणारं सर्किट, तेही त्याच न्यायानं. रेडीमेड क्रॉसओव्हरला तुमचा ट्विटर कुठला हे ठाऊक नसतं.

कापूस दमट हवेत ओलावा धरतो, खाली बसतो, आणि पाइपच्या पेटीत ठासून भरला तर पाइपचा श्वासच कोंडतो. उशांत भरतात तो पॉलिस्टर फायबर भिंतींना पातळ लावावा. बंद पेटीत सैलसर भरला तरी चालतो. गोलाईमुळे आत आवाज घुमत नाही, हेही फोटोखाली लिहिलंय. बाजू गोल केल्या तरी पुढची आणि मागची फळी समोरासमोरच राहते. वरच्या पेटीत त्यांच्यात 32 सेंटिमीटर अंतर, म्हणजे 530 हर्ट्झच्या आसपास घुमणं आलंच. ते मारतो हा फायबर.

पाच हजारांचा हिशेब मला जमला नाही, पण प्लायचा जमतो. त्याच मापाची साधी पेटी सुमारे अर्ध्या चौरस मीटरमध्ये होते. थरांची पेटी 20 तुकडे मागते, पावणेदोन चौरस मीटर. आठ बाय चारची अख्खी फळी तीन चौरस मीटरला थोडी कमी. म्हणजे जोडीला एक फळी पुरत नाही. चौकटींच्या पोटातून निघालेले तुकडे आडव्या पट्ट्यांना वापरता येतात, पण कितीसे वापराल?

होम थिएटरच करायचं असेल तर एक सोय आहे. बहुतेक एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरांना वाटणारे ॲम्प्लिफायर) 80 हर्ट्झच्या खालचं सगळं फक्त खर्जासाठीच्या सबवूफरकडे पाठवू शकतात. मग पुढच्या स्पीकरांना 40 हर्ट्झपर्यंत उतरायची गरज राहत नाही. छोटी, बंद, घट्ट पेटी पुरते, आणि थरांची हौस तिथे भागवता येते, कारण थर कमी लागतात. खर्जाचं बाकीचं ओझं सबवर आणि खोलीवर. बारा बाय दहाची खोली स्वतःच 47 आणि 56 हर्ट्झला घुमते, मग पेटी शिसवीची असली तरी. त्यावर इलाज पेटीत नाही, सबच्या जागेत आहे: तो तात्पुरता सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि भिंतीकडेनं जमिनीवर रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सब ठेवा. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा.